ड जीवनसत्त्वाची दिवसाढवळ्या चोरी

"मी सावलीत वावरतो. ऊन मला ओळखत नाही. गुन्हेगार मात्र माझ्या नुसत्या खोकल्याने घडाघडा कबुली देतात."

आमच्या ह्यांनी स्वतःची ही ओळख मला लिहून घ्यायला लावली, तेव्हा मी मटार सोलत होते. गोदामाच्या किल्ल्या सांभाळून निवृत्त झाल्यापासून हे गुप्तहेर आहेत. लांब कोट, काळा चष्मा आणि बिनपगारी सहायक म्हणून मी. आजवर ह्यांनी दोघांना पकडलं: एक गॅसवाला आणि एक माझा सख्खा भाऊ. दोघेही निर्दोष.

ह्या वेळची केस मात्र घरातलीच. सासूबाईंच्या रक्तात ड जीवनसत्त्व औषधालाही नव्हतं. हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी दर रविवारी एक गोळी सांगितली आणि आकडा वाढेपर्यंत जिना बंद केला. आणि जिन्याखालीच तर आईंचं शिवणाचं दुकान!

"तीन महिन्यांत आकडा हलला नाही, तर मशीन विकून टाकू," हे म्हणाले.

आई टीप घालायची असावी तसा चादरीचा काठ दुमडत बसल्या.

पहिल्याच सोमवारी ह्यांनी गोळ्यांची डबी मोजली.

"एक कमी! चोरी!"

"अहो, आईंनी काल घेतली असेल."

"'असेल'वर खटले उभे राहत नाहीत. मी बंदोबस्त केलाय. कसला, ते विचारू नकोस."

विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नांवरच माझा संसार टिकलाय.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा होता तिथेच, उलट जरा खाली.

ह्यांचा पहिला संशय दूधवाल्यावर, कारण तो उगाच हसतो. दुसरा रक्त न्यायला येणाऱ्या मुलीवर, कारण ती अजिबात हसत नाही. "आईचं रक्त वाटेत बदललं जातंय!" मग आई सहज म्हणाल्या, गोळी घेतली की जीभ गार पडते.

"विष! मंद विष!"

शेवटी गाडी केमिस्टवर येऊन थांबली. रविवारी त्याला घरी बोलावलं, पडदे ओढले आणि ह्यांनी कोटाची कॉलर उभी केली.

"गोळ्यांसाठी खडू कुठून आणता?"

"खडू? तो समोरच्या वह्यांच्या दुकानातून. पोरीला फळ्यावर गणितं करायला."

"कबुली! लिहून घे गं!"

तेवढ्यात कडकड आवाज झाला. आई खुर्चीत बसून रविवारची गोळी चावत होत्या.

"आजी, गिळायची असते ती," केमिस्ट म्हणाला.

"पहिली गिळलीच की. बेचव होती मेली. नंतरच्या फार छान निघाल्या."

केमिस्टने डबी हुंगली आणि ह्यांच्याकडे पाहिलं. "काका, ही पेपरमिंट तुम्हीच नेलीत ना माझ्याकडून?"

ह्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लाखेने बंद केलेलं पाकीट काढलं. खऱ्या गोळ्या आत सुखरूप.

"चोर फसावा म्हणून... डबीत नकली..."

"अरे गाढवा, चोर कुठला? ती पहिली गोळी मी खाल्ली. औषध खातात!" आई कडाडल्या. "आणि तू माझं मशीन विकायला निघाला होतास."

ह्यांनी कोटाची उभी कॉलर हळूच खाली केली. काळजीवाल्या माणसाच्या हाती औषध दिलं, की रोग्याच्या वाट्याला नुसती काळजी येते, हे मी लिहून घेतलं. कोणी न सांगता.

खऱ्या गोळ्यांनी आकडा चढला, जिना उघडला. डॉक्टरांनी ह्यांचा कोट बघून ह्यांचंही रक्त तपासलं. आईंच्या पहिल्या आकड्यापेक्षा कमी! ऊन ह्यांना खरोखरच ओळखत नव्हतं.

दुकान उघडल्यावर आईंनी पहिलं काम हातात घेतलं ते ह्यांच्या कोटाचं. दोन्ही बाह्या खांद्यापासून कापल्या आणि कडेने सुबक पट्टी लावली. आता आमचे बिनबाह्यांचे गुप्तहेर रोज दुकानाच्या पायरीवर उन्हात बसतात.

परवा सोमवारी ह्यांनी स्वतःच्या गोळ्यांची डबी मोजली. चेहरा उजळला.

"एक गोळी कमी आहे!"

आईंनी मशीनवरून मान वर केली नाही.

"सूनबाई, चोर पायरीवर बसलाय," म्हणाल्या. "उन्हातून हलू देऊ नकोस त्याला."