मुळ्येजींची तिसरी टेस्ट

सोमवार, सकाळची मीटिंग. हजर: मी, पलक, भावेश, मुळ्येजी. गैरहजर: लॅबचा सर्व्हर.

शेवटची नोंद मुळ्येजींच्या हट्टापायी. "जो आला नाही त्याचं नाव लिहा, मॅडम. त्याच्या जागेवर कोण बसलंय ते तरी समजेल."

आमच्या इंदूरच्या ऑफिसात रक्ततपासणीच्या रिपोर्टचं ॲप बनतं. ॲप लॅबच्या सर्व्हरकडे रिपोर्ट मागतं आणि सांगून ठेवतं, तयार झाला की हे फंक्शन चालव. हा कॉलबॅक. टेस्ट करताना खऱ्या सर्व्हरला त्रास देत नाहीत. त्याच्या जागी एक तोतया बसवतात, तो ठरलेलं उत्तर देतो. हा मॉक. बाकी सगळीकडे हे काम मुकाट्याने होतं. मुळ्येजींकडे ते तोंडाने होतं.

"अरे भिया, हा काय मॉक आहे?" भावेशच्या खांद्यावरून डोकावत ते म्हणणार. "मागायच्या आत जवाब! नवा जावई पण सासऱ्याला इतक्या फटकन 'हो' नाही म्हणत. खरा माणूस टाइम घेतो. तोतयाला पण जरा थांबव, नाहीतर पकडला जाईल."

ते बरोबर असतात, हा खरा वैताग. लगेच उत्तर देणाऱ्या मॉकवर पास झालेलं आमचं ॲप खऱ्या सर्व्हरपुढे सपशेल आपटलेलं आहे.

आम्ही प्रत्येक ठिकाणी दोन टेस्ट लिहितो: रिपोर्ट आला, नकार आला. मुळ्येजी तिसरी लिहितात: काहीच आलं नाही. तिच्यात मॉक गप्प बसतो आणि टेस्ट खरोखर वाट बघत राहते. त्यांच्या सगळ्या टेस्ट संपेपर्यंत आमचे पोहे, वर जिरावण मसाला भुरभुरून, खाऊन होतात.

"सर, घड्याळ पण खोटं लावता येतं की, न थांबताच वेळ संपली म्हणणारं," पलक म्हणाली.

"जवाब खोटा चालतो, बेटा. वाट बघणं खोटं नाही चालत."

रिलीज तोंडावर होतं. त्याच मीटिंगमध्ये तिसऱ्या टेस्ट काढायच्या ठरल्या आणि ते काम मी माझ्या नावावर लिहिलं. मुळ्येजी एवढंच म्हणाले, "तुमची मर्जी." दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मग त्यांच्याकडचा ऑफिसचा लॅपटॉप आणायला संध्याकाळी मीच सुदामा नगरात त्यांच्या घरी गेले.

बाहेरच्या खोलीत त्यांची आई फोन मांडीवर घेऊन बसलेली. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी दिसणं बेताचंच. "विनूचा फोन यायचाय," त्या म्हणाल्या. विनू म्हणजे थोरला, बंगळुरूला असतो. "चहा टाकतो" म्हणून मुळ्येजी आत गेले. बाहेर फोन वाजला. मी पाण्याचा रिकामा पेला द्यायला आत गेले, तर मुळ्येजी ओट्याशी उभे, कानाला दुसरा फोन. आईचं "हॅलो" ऐकून ते जरा थांबले, खोकले, मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आई, जेवलीस का?"

तिची गुडघेदुखी, शेजारची भांडणं, सगळ्याला विनूची उत्तरं तयार होती. थांबून, खोकून.

"दिवाळीला येतोस ना रे?" आईने विचारलं.

मुळ्येजींनी तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे पाहिलं. चहा उकळत होता.

"हॅलो? ... बरं, बायकोला विचारून सांग. मी थांबते." आईंनी फोन ठेवला.

"खरे विनू?" मी हळूच विचारलं.

"आहेत ना. मेसेज वाचतात. ना हो म्हणतात, ना नाही. ऑपरेशनच्या वेळी पण." त्यांनी चहा गाळला. "साखर कमी ना, मॅडम?"

निघताना आईंनी माझा हात धरला. "याला जरा सांगा तुम्ही. घरात असतो, पण माझ्याशी दोन शब्द नाही बोलत. विनू बघा, इतका बिझी, पण रोज न चुकता."

मागे लॅपटॉपची पिशवी घेऊन उभे असलेले मुळ्येजी म्हणाले, "हो, मतलब, तो आहेच तसा."

मंगळवार, नोंद रात्री घरी लिहिली. हजर: मी, पलक, भावेश. गैरहजर: मुळ्येजी. रिलीजच्या यादीतली बाकी कामं झाली. तिसऱ्या टेस्ट काढणे, जबाबदारी माझी: बाकी.