बायबलमधल्या माणसांना झापणारे याकोबकाका

आमच्या शेजारचे याकोबकाका रोज सकाळी मोठ्यानं बायबल वाचतात, आणि वाचता वाचता त्यातल्या माणसांना झापतात. देवानं योनाला निनवेला जायला सांगितलं, तर हा गडी जहाजाचं भाडं भरून भलतीकडंच निघाला. इथं पोचले की काका, बसचे निवृत्त कंडक्टर, भिंत हादरेल असे ओरडतात, "काहून बे योना? तिकडचं तिकीट तुले देल्लं तरी कोनं?" आमच्या अर्ध्या शेलूबाजार गावाला फुकट प्रवचन!

बरं, वाचायचं ते क्रमानंच. भाचीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, "काका, दोन ओळी वाचा." त्या दिवशीच्या अध्यायात नेमके देवानं मिसर देशावर सोडलेले बेडूक आले होते. काकांनी नवरा-नवरीसमोर बिछान्यात, भट्टीत, कणकेच्या परातीत शिरलेले सगळे बेडूक खणखणीत वाचले. वर मलाच म्हणाले, "देव आपल्याले मधातच सोडून देते काय? मंग आपुन त्याचं कायले सोडाचं?"

गेल्या हिवाळ्यात काकांच्या घशात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी ती काढून तपासायला पाठवली आणि रिपोर्ट येईपर्यंत बोलणं बंद केलं. सकाळी भिंतीपलीकडं चिडीचूप. चहासुद्धा गोड लागेना.

तेवढ्यात काका दारात, काखेत बायबल. हातानं खुणावत मला घरी नेलं आणि त्या दिवशीच्या अध्यायावर बोट ठेवलं.

"अहो काका, मी गुरुवारची पोथी वाचणारी बाई!"

त्यांनी हात जोडले. मग काय, बसले वाचायला. पोथीच्या सवयीनं मी सुसाट सुटले, तर काकांनी टेबल वाजवून थांबवलं. पुढं येशूला धरून नेलं आणि त्याचा शिष्य पेत्र म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. काका माझ्याकडं बघतच राहिले. शेवटी मीच ओरडले, "काहून बे पेत्रा? रोज त्याच्यासंग जेवत होता ना?" काकांनी समाधानानं मान हलवली.

रिपोर्ट येईपर्यंत रोज हेच. मनात मात्र धाकधूक. एकदाचा रिपोर्ट आला. साधी गाठ! माझा जीव भांड्यात पडला. पेढे घेऊन मी धावतच गेले. "काका, वाचा आता मोठ्यानं!"

काकांनी घसा खाकरला आणि पुस्तक माझ्याकडंच सरकवलं.

"तूच वाच, पोरी. तुही काकू गेल्यापासून या घरात मी एकटाच बोलून राह्यलो होतो."