अकरा नंबरचा पट्टा

ही हकिकत लिहायचं मी पाच वर्षं टाळत आलो. लिहायला बसलो की दाढ दुखायची, दाढ थांबली की चष्मा सापडायचा नाही. आता दाढ पडली आहे आणि चष्मा नाकावरच आहे, म्हणजे सुटका नाही.

आमचे शेजारी नरसय्या रोज सकाळी दहाला सोफ्याची उशी काखोटीला मारून रस्त्यावर यायचे. उशी स्कूटरच्या सीटवर ठेवायची, तिच्यावर रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड धरायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं. "ओ, जरा बगा की. जुळतंय का?" भाजीवाली सुटली नाही, पोस्टमन सुटला नाही. एकदा मयताला निघालेल्या दोघांना त्यांनी थांबवलं. उशीर होतोय म्हटल्यावर म्हणाले, "त्यांना आता कसली घाई? तुमी हितं बगा."

नरसय्यांनी चादरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं रंगमास्तर म्हणून काढली. सूत कुठल्या छटेत रंगवायचं, ते यांच्या डोळ्यावर ठरायचं. कारखाना सुटला, डोळा सुटला नाही. शेडकार्डावरची इंग्रजी नावं वाचून ते चिडायचे. "'सिल्क ड्रीम' म्हणं! स्वप्नाला कुटला रंग असतो, गुरुजी? सरळ लिवा की, शेंगाची चटणी दह्यात कालवली." मी शाळेतून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या लेखी मी गुरुजीच.

त्यांचा सोफा वांगी रंगाचा होता. भरताच्या वांग्याचा. राजमणीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हौसेने पसंत केलेला. त्या सोफ्याला शोभेल असा भिंतीचा रंग या पृथ्वीवर नाही, हे माझं मत. मग सोफाच बदला, असं मी एकदा बोलून गेलो. नरसय्या म्हणाले, "सोफा पास झालेला माल हाय. जुळवून भिंतीनं घ्यायचं."

त्यासाठी त्यांनी सोफ्यामागच्या भिंतीवर हातभर लांबीचे पट्टे मारायला सुरुवात केली. प्रत्येकाला नंबर, आणि खाली पेन्सिलीने बारीक तेलुगूत काहीतरी. रंगाचं प्रमाण असणार, असं मी धरून चाललो. पाच पट्टे झाले आणि वहिनी गेल्या. महिनाभर त्या घरातून भांड्याचाही आवाज आला नाही. मग एके दिवशी संध्याकाळी पाचला कंपाउंडवरून हाक आली, "गुरुजी, दुसरा डोळा पाहिजे की!"

कारखान्यात म्हणे एकाच माणसाच्या डोळ्यावर कुठलीही छटा पास होत नसे. मास्तराने बघायचं, मग दुसऱ्याने बघून सही करायची, तेव्हा कुठे सूत रंगात बुडायचं. घरचा दुसरा डोळा गेला होता. ती जागा मला मिळाली.

मग काय, रोज पाचला परीक्षा. सहावा पट्टा मला आमच्या शाळेच्या मुतारीसारखा वाटला. मी तसं सांगितलं. सातवा बरा होता, तर त्यांनाच पटेना. आठव्यापाशी चार दिवस गेले. आमची ही म्हणायची, "जा, भिंत तपासून या. जन्मभर तेच केलंत." चहा मात्र उत्तम असायचा. तरी माझा जीव मेटाकुटीला आला होता. माणसाला निवृत्तीनंतर कंटाळा आरामात करता यावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

नातवाच्या बारशाला नरसय्या आठ दिवस मुलीकडे हैदराबादला गेले. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी मी चहा हातात घेऊनच तिकडे गेलो होतो, तेवढ्यात मकबूल रंगारी आला. "गुरुजी, चाचाने मेरेकू चार दिवाळीसे लटकाया. कौनसा मारनेका, तुम बोलो ना."

माझ्या एका हातात कप होता, दुसऱ्यात बशी. मी हनुवटीने भिंतीकडे खूण केली. हनुवटी अकराव्या पट्ट्याकडे गेली.

"वो ग्यारा? बाकी सबके नीचे कुछ लिखेला है."

"रंगाचं प्रमाण असेल. मार हात."

दोन दिवसांत सगळी खोली एकसारखी झाली. मी खूश. त्यांना आनंदाचा धक्का बसेल आणि माझी संध्याकाळ मोकळी होईल.

नरसय्या आले ते पिशवी हातातच धरून उंबऱ्यात उभे राहिले. बराच वेळ भिंत बघत होते. मग म्हणाले, "तुमी नीट बगितला न्हवं, गुरुजी?"

"अगदी नीट," मी म्हणालो.

"मग पास," ते म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली.

त्यानंतर पाचला हाक आली नाही. सकाळी उशी बाहेर आली नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तो दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी पाच वाजता मी उगाच कंपाउंडशी जाऊन आलो.

दिवाळीच्या आधी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. आमच्याकडे चहाला बसली असताना हसत म्हणाली, "काका, तुमची सगळी मुक्ताफळं त्या भिंतीवर होती. नान्ना लिहून ठेवायचे. सहाखाली होतं, 'गुरुजी म्हणतात, मुतारी.'"

"आणि पहिल्या पाचांखाली?" मी विचारलं.

"अम्माचं बोलणं. दोन नंबरखाली होतं, 'ह्याने सोफा म्हातारा दिसतो, तुम्ही पण.'" तिने कप खाली ठेवला. "अकराखाली नव्हतं काही. हैदराबादला यायच्या आदल्या संध्याकाळी मारला होता तो. गुरुजींनी अजून बघितला नाही, म्हणत होते."

म्हणजे त्या दिवशी उंबऱ्यात उभ्या उभ्या त्यांना सगळं कळलं होतं.

मी तडक शेजारी गेलो. काय बोलायचं ते जाताना दोनदा घोकलं. नरसय्या सामान बांधत होते. "बसा की," म्हणाले. मी त्या वांगी सोफ्यावर बसलो. "बोला, गुरुजी."

चाळीस वर्षं पोरांकडून चुका कबूल करून घेतलेला माणूस मी. म्हणालो, "प्रवासात थंडी असते. मफलर घ्या."

"व्हय," ते म्हणाले. "घेतलाय."

हैदराबादला दीड वर्ष काढून ते गेले. मुलीने घर विकलेलं नाही; किल्ली अजून माझ्याकडे आहे. आज सकाळी दहाला मी सोफ्याची उशी उचलून खिडकीतल्या उन्हात भिंतीला लावून धरली आणि पहिल्यांदा नीट बघितलं. अजिबात जुळत नाही. साफ नापास.

नरसय्या, अकरा नंबर मी न बघताच पास केला. चुकलं माझं.