इतिहास प्रेसमध्ये आहे

आयुष्यभर जर्मन शिकवून निवृत्त झालेला माणूस डब्लिनला लेकीकडे राहायला आला की काय करेल? बागेत फिरेल, नातवंडांना शाळेत सोडेल, हवेला नावं ठेवेल. आमच्या घारपुरे सरांनी जर्मनच्या वर्गात नाव घातलं. तेही अगदी पहिल्या वर्गात. 'माझं नाव अमुक, मी तमुक गावचा' इथपासून!

खरं म्हणजे त्या वर्गाला मी जात होते. नवऱ्याच्या चेरीवूडच्या ऑफिसात म्युनिकच्या बदलीची कुजबुज सुरू झाली, म्हणून इथल्या एका विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात मी फी भरून आले. क्लोनडॉकिनला आमच्यापासून चौथं घर सरांच्या लेकीचं, मृण्मयीचं. बायको गेल्यावर सरांना ती इकडे घेऊन आली. तिच्याकडून सरांना माझ्या वर्गाची बातमी कळली मात्र, पुढच्या मंगळवारी स्वारी माझ्या गाडीपाशी हजर. कानटोपी, मफलर, पिशवी आणि पिशवीत दोनशे पानी वही.

"सर, तुम्ही? अहो, तुम्ही पुण्यात जर्मनचे विभागप्रमुख होतात ना?"

"म्हणून तर! सगळा जन्म फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. बाकावरून तो कसा दिसतो, ते बघू दे की जरा. फक्त मी कोण ते तिथे सांगायचं नाही."

सरांचं बोलणं मध्येच तोडणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. इंग्रजी बोलणारे उतावळे, क्रियापद आधी सांगून मोकळे होतात; आपण आणि जर्मन लोक धीराचे, क्रियापद शेवटी सांगणारे, असा त्यांचा सिद्धांत. पहिल्याच दिवशी गाडीत म्हणाले, "सायली, ते पिवळं दुकान दिसतंय ना, त्याच्या शेजारच्या गल्लीत तू गाडी..." मी वळवली. समोर भिंत.

"क्रियापद येऊ दे, क्रियापद! 'घालू नकोस' म्हणत होतो मी!"

वर्गात मात्र सर गरीब गाय. हात वर करून बोलायचे आणि ठरवून चुका करायचे. त्या चुकाही मनाने केलेल्या नव्हेत, जुन्या विद्यार्थ्यांच्या. माझ्या कानात हळूच सांगायचे, "ही आमच्या कुलकर्णीची. दर वर्षी एक तरी कुलकर्णी करायचाच." आमची शिक्षिका ग्रॉन्या, बिचारी गोड मुलगी, प्रत्येक उत्तराला "ग्रँड!" म्हणायची, म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'छान'. सरांना ते झेपेना. "भव्य म्हणे! अगं, मी फक्त किती वाजले ते सांगितलं."

असं सहा आठवडे निभावलं. सातव्या आठवड्यात मुलगी आली. मुलगी म्हणजे जर्मनमधला शब्द, मेडशेन. जर्मनमध्येही आपल्यासारखं तो-ती-ते असतं, आणि मुलगी तिथे 'ती' नाही, 'ते' असते. सगळे आयरिश विद्यार्थी खवळले. "मुलगी 'इट' कशी?" ग्रॉन्या नियम सांगून सांगून दमली. शेवटी सरांना राहवेना. उठले, सरळ फळ्यापाशी गेले, खडू नव्हता म्हणून तिच्या हातातलं मार्कर घेतलं.

"माझ्या बायकोच्या माहेरी, कुडाळला, मुलीला चेडू म्हणतात. तो चेडू नाही, ती चेडू नाही. ता चेडू! नपुंसकलिंग. पण कुडाळच्या मुलीला जाऊन कुणी 'इट' म्हणून बघा, मग आपण बोलू."

वर्ग हसून लोळला. मेडशेनचं लिंग आता जन्मात कुणी विसरणार नाही. ग्रॉन्या हाताची घडी घालून म्हणाली, "कोण आहात तुम्ही?"

झालं, बिंग फुटलं. पण ग्रॉन्या रागावली नाही. उलट म्हणाली, शेवटच्या मंगळवारी आपण चहापाणी करणार आहोत, तेव्हा तुमच्या विद्यापीठात जर्मन कशी रुजली ते सांगाल का? आता आंधळा मागतो एक डोळा! सर चार वर्षं तोच इतिहास लिहीत होते. पहिला वर्ग भूगर्भशास्त्राच्या खोलीत दगडांच्या मधोमध कसा भरला, टेपरेकॉर्डरवरची एक बाई स्टेशनचा रस्ता कशी विचारायची आणि टेपचा पुढचा भाग कुरतडलेला असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या फक्त स्टेशनपर्यंत कशा पोचल्या, सगळं त्यात होतं. राहिलं होतं फक्त शेवटचं प्रकरण, शिक्षकांची यादी.

घरी येऊन सरांनी फाइल शोधली. मिळेना. मृण्मयीला ऑफिसात फोन लावला. ती मीटिंगमध्ये. घाईत म्हणाली, "बाबा, तुमचा इतिहास प्रेसमध्ये आहे," आणि ठेवला.

इथे प्रेस म्हणजे कपाट. मृण्मयीला इथे इतकी वर्षं झालीत की तिच्या तोंडी दुसरा शब्दच येत नाही. पण सरांच्या प्रेसमध्ये अजून शाईचा वास! लेकीने गुपचूप छापायला दिला म्हणून त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी पुण्याला पाच फोन केले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून उलटे फोन सुरू. अभिनंदन राहिलं बाजूला, सगळ्यांचा एकच प्रश्न, "आमचं नाव आहे ना?" सर सगळ्यांना हो म्हणत गेले. संध्याकाळी मृण्मयीने स्वयंपाकघरातलं कपाट उघडून डाळींच्या डब्यांमागची फाइल काढून दिली.

मी डबा द्यायला गेले तेव्हा सर फाइल मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "सर, एवढं काय? छापायचा तेव्हा छापू."

"छापला असता तर सुटलो असतो गं. मग यादी करायला नको." मग म्हणाले, "एक नाव आहे. ते घालायचं तर का नव्हतं तेही लिहायला हवं. मंगळवारपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर नाहीच जमायचं."

मंगळवारी मी चकल्या घेऊन गेले. सर कोट घालून उभे राहिले. दगडांवर लोक हसले, स्टेशनवर तर फारच. ग्रॉन्या म्हणाली, चेडूची गोष्ट परत सांगा. सरांनी सांगितली. पुन्हा हशा. सर मात्र हसले नाहीत.

"हे उदाहरण आमच्या विभागाच्या पुस्तिकेत माझ्या नावावर छापलंय. ते माझं नाही. कुमुद घारपुरेचं आहे. माझी बायको. पहिल्या वर्षाला तीच शिकवायची. शिक्षकांच्या यादीत ती कधीच नव्हती, कारण ती तासिका तत्त्वावर होती."

'तासिका तत्त्वावर' हे दोन शब्द मराठीतच आले. तीन भाषांत शब्द तयार असणारा माणूस तिथे अडखळला. मग समजावून सांगितलं: जेवढे तास तेवढा पगार, दर वर्षी नवं पत्र, दारावरच्या पाटीवर नाव नाही.

ग्रॉन्या हळूच म्हणाली, "मला माहितीये. मी तशीच आहे."

सरांनी तिच्याकडे बघितलं. "मग तुलाच सांगतो. कायमची जागा निघाली, तेव्हा कुमुदने अर्ज केला होता. सगळ्यात लायक तीच होती. नवरा विभागप्रमुख आणि बायको कायम, लोक काय म्हणतील, म्हणून तो अर्ज मी पुढे पाठवला नाही. इतिहासात हे लिहिलंय. काल लिहिलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ग्रॉन्या उठली आणि त्यांना खुर्ची दिली.

गाडीत बसल्यावर मला फार भरून आलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता. मी विचारलं, "सर, कुमुदताईंना हे माहीत होतं?"

"विचारलं नाही कधी तिने. दर जूनमध्ये तिचं नेमणूकपत्र माझ्याच सहीने निघायचं. सकाळी घरी एकत्र चहा घ्यायचा, आणि अकरा वाजता तिने माझ्या केबिनबाहेर रांगेत उभं राहायचं. पत्र घेऊन म्हणायची, 'थँक्यू, सर.' मला तिची थट्टा वाटायची गं. मी दर वर्षी हसायचो. ती हसत नव्हती, हे ती गेल्यावर लक्षात आलं."