पूर्वेच्या कुंपणाकडील हिंस्र प्राणी

टण्ण! दुपारच्या शांततेत आमच्या पत्र्यावर गोल्फचा चेंडू पडला, आणि पाळण्यातला नंदू जागा झाला.

शांतता ही फार मोलाची वस्तू आहे. म्हणूनच ती सगळ्यांना पुरत नाही. मुलुंडच्या आमच्या क्लबाने ती सभासदांसाठी राखून ठेवली आहे, हे योग्यच म्हणायचं.

आमचे हे तिथे कारकून. राहायला कुंपणालगतची क्लबाचीच खोली. नंदूला दात येत होते. तो झोपला की मी लिहायला बसायची. चेंडू पडला की तो भोकाड पसरायचा. ते ऐकून पुढच्या सभासदाचा फटका चुकायचा, आणि तो चेंडूही आमच्याच पत्र्यावर यायचा. (निसर्गाचं चक्र म्हणतात ते हेच असावं.)

तक्रार झाली : पूर्वेच्या कुंपणाकडे हिंस्र प्राणी आहे. लगोलग वन्यप्राणी बंदोबस्त समिती नेमण्यात आली. तिने चहा घेत बहुमताने ठरवलं, की आवाज कोल्ह्याचा. (तरस म्हणणारे एक सभासद अल्पमतात गेले.) उपाय म्हणून धाकू माळ्याला कुंपणापाशी डबा बडवायला बसवलं. तेव्हापासून प्राणी दुपारभर ओरडू लागला. यावरून तो चिडखोर असल्याचं सिद्ध झालं.

"अहो, सांगून टाका ना, आपला नंदू आहे म्हणून."

"आणि खोली काढून घेतली म्हणजे? कोल्हा म्हणतायत ना, म्हणू दे की!"

सेक्रेटरी जयवंतराव जातीने चौकशीला आले. "वहिनी, तुम्ही काही ऐकलंत?"

"कोल्हाच तो," मी म्हटलं. "मेला डोळ्याला डोळा लागू देत नाही."

(मांडीवर नंदू खुदकन हसला.)

मग पिंजरा लागला. आत कोंबडी. तिच्या वासाने टेकडीवरून एक कोल्हा खरोखरच उतरला, आणि सापडला. त्याच आठवड्यात नंदूचा दात वर आला. आवाज बंद! समितीने स्वतःचं अभिनंदन करून चहापान ठेवलं. ह्यांनी तिथून आमच्या थोरल्या क्षमासाठी केकचा तुकडा पुडीत बांधून आणला. सगळ्यांचं भलं झालं. अशा वेळी कोल्ह्याची चौकशी तुम्ही तरी केली असती का?

चार वर्षांच्या क्षमाने केक खाल्ला नाही. पिंजऱ्यातल्या कोल्ह्यापुढे टाकून आली.

"आई, नंदू आता रडत नाही ना गं?"

"नाही गं राणी."

"मग त्याला कधी सोडणार?"