मलिद्यातलं दूध

शलोम संध्याकाळच्या गाडीने मुंबईला आणि तिथून कायमचा इस्रायलला निघणार होता. पोराचे कागद आले तर एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करीन, असा नवस रिबेकाबाई बोलल्या होत्या. नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत ज्यू घर हे एकच, म्हणून प्रार्थनेला ठाण्याहून इझिकेलमामा आले. सकाळी त्यांनीच विधिपूर्वक कापलेली कोंबडी आता नारळाच्या रसात रटरटत होती. शलोमची आवडती.

"छायाताई, मलिद्याचे पोहे भिजवलेत?"

"कधीच!" शेजारच्या छायाताई म्हणाल्या. "पण पाण्यात नाय हां वहिनी. पोरगा सातासमुद्रापार चाललाय, अन् पाणी कसलं? लिटरभर म्हशीचं दूध ओतलंय."

रिबेकाबाई मटकन खाली बसल्या. "अहो, दूध नि मांस आमच्यात एका जेवणात चालत नाही!"

"अगं बाई! मटणावर तुम्ही चहा घेत नाय, ते मला वाटलं पित्तामुळं!"

नवे पोहे आणायला शलोमचे बाबा धावले, तर दुकानाला सुट्टी. छायाताईंच्या घरचे पोहे होते, पण त्यांचा त्यांनी शलोमच्या प्रवासासाठी कालच चिवडा करून टाकला होता.

"मग कोंबडी तरी तुम्ही न्या," रिबेकाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"श्रावण हाय ना वहिनी!"

शेवटी इझिकेलमामांनी दाढी खाजवली. "दूध आधी पोटात गेलं तर वाट आहे. मलिदा खा, चुळा भरा, तासभर थांबा. मग खुशाल कोंबडी."

प्रार्थना झाली, मलिदा वाटला गेला आणि त्या तासाला कुणालाच काही काम उरलं नाही. महिनाभर रिबेकाबाई लेकाशी स्वेटर आणि पासपोर्ट यांपलीकडे बोलल्याच नव्हत्या. आता तो लहानपणीसारखा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला.

"आई, मलिद्यातले बदाम मीच चोरायचो."

"ठाऊक होतं. म्हणून तर मूठभर जास्त घालायचे." त्या त्याच्या केसांतून हात फिरवू लागल्या. तिथे याला कोण घालणार?

"झाला बरं तास," मामा उठले. "वाढा आता."

रिबेकाबाईंचा हात शलोमच्या केसांतून निघेना.

"मामा," त्या म्हणाल्या, "दूध म्हशीचं होतं. दोन तास तरी लागतील."