नसलेल्या दाढेचं दुखणं

भगवंताची अक्कलदाढ शनिवारी काढली गेली, हे सगळ्या डिंभे गावाला माहीत होतं. ती काढली गेलेलीच नाही, हे फक्त भगवंताला माहीत होतं. आणि सोमवारी सकाळी गिरणीचा पट्टा चढवताना ती पुन्हा दुखायला लागली.

झालं होतं ते असं. भगवंताची गावात पिठाची गिरणी होती. ज्वारीचं पोतं एकट्याने पाठीवर घेणारा गडी, पण सुई म्हटलं की मागच्या दाराने पसार व्हायचा. दाढेने आठवडाभर छळल्यावर बायकोने, कुशाबाईने, त्याला बळंच जुन्नरच्या एसटीत बसवून दिलं. दातांच्या दवाखान्यात तो बाकावर बसला. आत कुणीतरी लोखंडाचं काहीतरी खणकन ताटलीत टाकलं. मग दार उघडलं आणि भरदार मिशांचा एक फौजदार रुमालाने डोळे पुसत बाहेर आला. भगवंत उठला. "पाणी पिऊन येतो," असं त्याने कंपाउंडरला सांगितलं, आणि ते पाणी तो थेट स्टँडवर जाऊन प्याला.

भीतीनेच असेल, पण तिथे दाढ ठणकायची थांबली. भगवंताला वाटलं, दुखणं थांबवायलाच तर आलो होतो, ते थांबलं. मग उगाच फौजदारासारखं रडायचं कशाला? आता प्रश्न राहिला घरच्यांचा. त्याने मेडिकलमधून कापूस घेतला, गालात कोंबला, आणि हाताने गाल धरून घरी आला.

त्या दोन दिवसांत त्याचे लाड झाले. कुशाबाईने दूधभात कालवून दिला, गिरणी बंद ठेवायला लावली, अंगणात खाट टाकून दिली. शेजारचा जानकू बाजरीचा डबा घेऊन आला तो दळण विसरून खाटेवरच बसला.

"दाखव की खड्डा."

"डाक्टर म्हनला, वारं लागू द्यायचं नाय," भगवंत कापसातून म्हणाला.

"आन् दाढ कुटंय?"

"त्येनी ठिवून घेतली. लई मोठी निघाली म्हनं."

"इंजेक्शन दुखलं आसंल रं."

इथे भगवंताने गप्प राहायला हवं होतं. पण शेजारी कुशाबाई कौतुकाने बघत उभी होती, आणि जानकूच्या चेहऱ्यावर त्याला कधी नव्हे तो आदर दिसत होता.

"इंजेक्शन कशाला?" तो म्हणाला. "म्या म्हनलं, तसंच वढा."

रविवारी संध्याकाळपर्यंत ही बातमी गावाजवळच्या धरणावर मासे धरणाऱ्यांपर्यंत गेली, आणि मुक्कामी गाडीने वर घाटात तळेघरला, त्याच्या सासुरवाडीलाही पोचली.

सोमवारी दाढ दुखायला लागली ती मागचं सगळं भरून काढायच्या बेताने. भगवंताने जात्यावर हात टेकून डोळे मिटले. ओरडायची सोय नव्हती. जी दाढ जुन्नरच्या डॉक्टरकडे ठेवलेली आहे, ती डिंभ्यात दुखते कशी, असं कुणीही विचारलं असतं.

"काय झालं वो?" कुशाबाईने विचारलं.

"कान," तो म्हणाला.

कुशाबाईने लसणाच्या पाकळ्या टाकून तेल कडवलं आणि त्याच्या कानात ओतलं. कान चांगला होता, तो आता दुखायला लागला. दुपारी त्याने डोकं दुखत असल्याचं सांगून पाहिलं. तिने सुंठ उगाळून कपाळभर लेप दिला. तो वाळून ताणला गेला तशी भगवंताची भुवई वर जाऊन तिथेच राहिली, आणि दळणाला आलेली प्रत्येक बाई त्याला "काय इचारताय?" म्हणून विचारू लागली.

मंगळवारी गाल सुजला. सूज लपवण्यासारखी नव्हती.

"गांधीलमाशी चावली," भगवंत म्हणाला.

कुशाबाईने गालाला चुना लावला. जानकूने त्यावर लोखंड घासावं लागतं असं सांगितलं, आणि घरून कुलपाची किल्ली आणून स्वतःच घासली. नेमकी दाढेवर. भगवंताने भिंतीला धरून ते सोसलं.

"लई सोशीक मानूस," जानकू कुशाबाईला म्हणाला. "उगच नाय बिगरइंजेक्शनची काढली."

"मला तर आदी वाटलं, दाढंचंच हाय," कुशाबाई म्हणाली. "पर ती तर ऱ्हायलीच न्हाई आता."

भगवंताला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. त्याने तोंडही उघडलं. पण ती इतक्या अभिमानाने बोलली होती की त्याने ते पुन्हा मिटलं, आणि मिटताना दाढेवर दाढ बसली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने सासूबाई उतरल्या. गोजरबाई तळेघरच्या. नाचणीच्या शेतात दिवसभर वाकलेली असूनही ताठ चालणारी बाई. एका बाजूने त्यांनी पदर गालाला दाबून धरला होता.

"वरीस झालं दुकतीया," त्या कुशाबाईला म्हणाल्या. "समदी सांगून थकली, म्या काय डाक्टरकडं गेले न्हाई. पर जावयबापूंचं आयकलं आन् म्हनलं, जायाचं तर त्येंच्याच संगं."

"मामी, गिरनी उघडी हाय," भगवंत कसाबसा म्हणाला.

"गिरनी म्या बघते," कुशाबाई म्हणाली. "तुमी घिऊन जा. तुमी असला म्हंजी तिला धीर."

त्याला नाही म्हणता आलं नाही. घोडेगावला गाडी बदलताना पळून जावं, असं एकदा मनात आलं, पण गोजरबाईंनी त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरलेली होती. त्या घाबरल्या होत्या. त्यांना माहीत नव्हतं की ज्याची बाही धरली तो त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलाय.

दवाखान्यात कंपाउंडरने भगवंताकडे निरखून पाहिलं. भगवंताने भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे तोंड फिरवलं, आणि ते चित्र पाहून डोळेच मिटून घेतले. नंबर आला. गोजरबाईंनी त्याला आतपर्यंत ओढत नेलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या डॉक्टरांना सांगितलं, "ह्ये माजं जावई. ह्येंची दाढ तुमीच काढली ना? बिगरइंजेक्शनची?"

डॉक्टर तरुण होते. ते भगवंताकडे बघून विचारात पडले. "यांची? मी नाही काढली," ते म्हणाले. तेवढ्यात कंपाउंडरला आठवलं. "सर, त्ये पानी प्यायला गेलेलं पेशंट."

भगवंत जमिनीकडे बघत राहिला. गोजरबाईंनी त्याच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, चुन्याच्या डागाकडे पाहिलं, आणि मग हळूच तोंड उघडून डॉक्टरांकडे वळल्या. त्यांची दाढ हलतच होती. सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, दाढ निघाली तेव्हा उघडले. मग कापूस दाताखाली धरून उठल्या, भगवंताच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

भगवंत बसला. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

डॉक्टरांनी आत बघून मान हलवली. "आडवी आलीय. त्या दिवशी थांबला असता तर सोपं गेलं असतं. बरं, आजी म्हणतात तुम्हाला इंजेक्शन लागत नाही."

"द्या," भगवंत म्हणाला. "दोन द्या."

पुढचं त्याला नीटसं आठवत नाही. खणकन ताटलीचा आवाज झाला एवढं कळलं, आणि आपली बाही कुणीतरी धरून ठेवलीय, हेही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेर बाकावर बसलेला एक धट्टाकट्टा माणूस त्याला पाहून उठला आणि कंपाउंडरला काहीतरी सांगून निघून गेला.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी शेजारी बसली, दोघांच्याही गालात कापूस. भगवंताची जीभ आणि ओठ बधिर होते. त्याने सासूबाईंपुढे हात जोडले आणि घराच्या दिशेने मान हलवली. गोजरबाईंनी कापूस काढून पदरात बांधला.

"कुशीला सांगू नगं म्हनताय व्हय?" त्या एका गालाने म्हणाल्या. "म्या कोन्त्या तोंडानं सांगू? अख्ख्या तळेघरात बोलून आलीया, माजा जावई वाघ हाय म्हनून." त्यांनी पदराची गाठ घट्ट केली. "आता वाघावानी जेवायचं घरी. कापूस थुकून टाका."

घरी कुशाबाईने आईसाठी दूधभात करून ठेवला होता. आणि आईला धीर देऊन आणणाऱ्या नवऱ्यासाठी धरणातल्या ताज्या माशांचं कालवण, लाल तर्रीचं, आणि खरपूस भाजलेली ज्वारीची भाकरी. भगवंताने ताटाकडे पाहिलं. मग गोजरबाईंच्या वाटीतल्या दूधभाताकडे पाहिलं. त्यांनी वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

"वाढ गं त्येंला," त्या म्हणाल्या.

त्याने भाकरीचा तुकडा कालवणात भिजवून तोंडात घातला. भाकरी कोणती आणि जीभ कोणती हे त्याला कळेना. काटा टोचला की नाही हेही कळेना. पण तिखट जिथे पोचायचं तिथे, त्या ताज्या खड्ड्यात, बरोबर पोचलं. डोळे भरून आले.

"तिकाट झालं का?" कुशाबाईने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने आणखी एक तुकडी वाढली.

तो तिसरा घास गिळत असताना जानकू आला. मागे त्याची बायको साळुबाई, तिच्यामागे आळीतल्या आणखी दोन बायका, आणि प्रत्येकीचा एक हात गालाला. वर्षभर न गेलेल्या गोजरबाई जावयाच्या धीरावर दाढ काढायला गेल्या, हे त्यांना गिरणीवरच कळलं होतं.

"भगवंता," जानकू उंबऱ्यावर बसत म्हणाला, "हिची बी किडलीय लई दिवसांची. येकली जात न्हाई, आन् मला त्यो दवाखान्याचा वास सोसत न्हाई. तू संगं आसलास म्हंजी बायांना धीर ऱ्हातो. उद्या मोकळा हायस ना?"

भगवंताने गोजरबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघून भात कालवत होत्या. त्याने कुशाबाईकडे पाहिलं. ती अभिमानाने दाराशी उभी होती. ते लोखंड, ती ताटली, ती खुर्ची सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि आज पहिल्यांदा त्याने ठरवलं की काय होईल ते होवो, आता खरं बोलायचं. त्याने घास गिळला, सगळं बळ एकवटलं, आणि स्पष्ट 'नाय' म्हणायला जीभ वर उचलली.

पण बधिर जिभेला टाळू काही सापडली नाही.

"हाय," भगवंत म्हणाला.

"मंग सकाळच्या येष्टीला," जानकू म्हणाला, आणि बायका निवांत मनाने घरोघर गेल्या.